प्रोफेसरबाई आणि आमची गोधडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय घेतला आहे एका प्रोफेसरबाईंचा. "तुला गं काय कळतंय त्यातलं?" असे घरातच विचारून झाले. पण त्याला कारण आमच्या घरातली एक गोधडी आहे. ते शेवटी सांगते.

चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या पुतणीने मला या बाईंची माहिती सांगितली. त्यांचे नाव स्टेला क्रामरिश. जन्म १८९६ सालचा, त्या वेळच्या ऑस्ट्रियाच्या राज्यातला. तरुणपणी त्या नृत्य शिकल्या, व्हिएन्नाच्या विद्यापीठात कलेचा इतिहास शिकल्या, संस्कृतही शिकल्या. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना शांतिनिकेतनात बोलावून घेतले. पुढे १९५० पर्यंत त्यांनी कलकत्ता विद्यापीठात शिकवले. नंतर अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात शिकवले आणि तिथल्या संग्रहालयाचा भारतीय विभागही सांभाळला. १९८२ साली आपल्या सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९९३ साली त्या वारल्या.

आता त्यांची शिकवण्याची रीत. शांतिनिकेतनातल्या मुलांना त्यांनी युरोपातली जुनी चर्चे आणि तिकडची अगदी नवी चित्रे समजावून दिली. १९२२ साली जर्मनीतल्या बाउहाउस शाळेतल्या कलावंतांची चित्रे कलकत्त्यात आली, त्यातही त्यांचा हात होता. आणि अमेरिकेतल्या मुलांना त्यांनी आपली देवळे शिकवली. म्हणजे ज्याला जे परके, ते त्याच्यापुढे आपलेसे करून मांडायचे.

दुसरे असे की, वस्तू नुसती सुंदर आहे म्हणून त्यांचे समाधान होत नसे. घडवणाऱ्याच्या मनात काय होते, ते त्या शोधीत. त्यासाठी त्यांनी विष्णुधर्मोत्तर पुराणातला चित्रकलेचा भाग इंग्रजीत आणला. त्या पुराणात एक गोष्ट आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींना म्हणतो, मला मूर्ती घडवायला शिकवा. ऋषी सांगतात, त्याआधी चित्र यायला हवे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गाणे. बाई स्वतः नाचलेल्या, त्यांना हे लगेच पटले असेल! १९४६ साली त्यांनी हिंदू मंदिरावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. गाभारा अंधारा नि लहान का, शिखर वर निमुळते का होत जाते, याचा अर्थ त्यात उलगडला आहे.

पण मला नवल वाटले ते पुढेच. इतक्या मोठ्या देवळांचा अभ्यास केलेल्या या बाई बंगालमधल्या कांथा जमवीत होत्या. कांथा म्हणजे तिकडची गोधडी. जुनी धोतरे नि साड्या एकावर एक घालायच्या, काठाचे रंगीत दोरे उसवून घ्यायचे आणि साध्या धावदोऱ्याने मधोमध कमळ, भोवती झाडे, हत्ती, घोडे भरायचे. १९३९ साली बाईंनी त्यावर लेख लिहिला. फाटून विटलेल्या चिंध्यांना बाईच्या हातचा टाका पुन्हा अखंड करतो, असे त्यांचे म्हणणे. १९६८ साली फिलाडेल्फियात त्यांनी खेड्यापाड्यांतल्या आणि आदिवासींच्या कलेचे मोठे प्रदर्शन मांडले. त्यांनी जमवलेल्या कांथा आज तिथल्या संग्रहालयात आहेत.

आता आमच्या गोधडीचे. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंची जुनी गोधडी मी माळ्यावरून काढली आणि अर्धी फाडून लादी पुसायला घेतली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस मात्र दुपारच्या आडव्या झाल्या नाहीत. मला वाटले, उकाड्याने असेल.

पुढे पुतणीने कांथांची चित्रे दाखवली, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. उरलेली अर्धी गोधडी घेऊन मी सासूबाईंजवळ बसले. विचारले, "आई, हा तुकडा कशाचा?" त्या एकेक ठिगळावर बोट ठेवून सांगू लागल्या. हा माझ्या आईच्या लुगड्याचा, हे मामंजींचे धोतर, हे तुझ्या नवऱ्याचे पहिले अंगडे. दिवेलागण झाली तरी आम्ही बसलोच होतो. चोवीस वर्षे एका घरात राहून मी हे कधी विचारले नव्हते. फाडलेल्या अर्ध्या भागात काय होते, ते विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीही सांगितले नाही.

म्हणून भगिनींनो, एक विनंती. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरची एक गोधडी आणावी. कोणी शिवली, कोणाची वस्त्रे त्यात आहेत, ते मंडळाच्या वहीत लिहून ठेवू. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे होईल. आमची अर्धी गोधडी मी पहिली आणीन.