आमची हिमालयन : पहिले हजार किलोमीटर

(मंडळाच्या श्रावणातील सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या फाटकापाशी गेले काही महिने एक उंच, पुढे चोच असलेली मोटरसायकल उभी असते. येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो आणि आम्हाला दोन प्रश्न विचारतो. केवढ्याला पडली, आणि पाय जमिनीला टेकतात का? तिसरा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, तो जिन्यात ऐकू येतो : या वयात? कार्यकारिणीनं म्हटलं, एकदा सगळ्यांना मिळूनच सांगून टाका. म्हणून हे भाषण. बोलायला एकटाच उभा असलो तरी गाडी दोघांची, अनुभवही दोघांचा, त्यामुळे 'आम्ही'च म्हणणार आहोत. सौ. दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. चुकलं तर तिथूनच दुरुस्ती येईल.

गाडी रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५०. २०२५ च्या गुढीपाडव्याला घरी आली. विमा, नोंदणी, हेल्मेटं, जाकिटं धरून सगळा मिळून आकडा साडेतीन लाखांच्या पलीकडे गेला. पतसंस्थेचं कर्ज आहे, हप्ता चालू आहे. यापेक्षा जास्त हिशेब इथे नको, सासरची मंडळीही बसली आहेत.

घेतली का, हे मात्र सांगायला हवं. २०२३ च्या पावसाळ्यात सौ.च्या कमरेच्या मणक्यातली चकती सरकली. दीड महिना अंथरूण. उठल्यावर स्कूटरवर बसून कोपऱ्यापर्यंत जाणंही नको वाटायचं, कारण आपल्या इंदुरात गतिरोधक किती आणि कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. त्याआधी आम्ही दोघं जुन्या दीडशे सीसीच्या गाडीवर मांडू, ओंकारेश्वर, महेश्वर करून यायचो. ते थांबलं. मोटारीत बरं वाटेल म्हणून मोटारीनं गेलो, तर तासाभरात पाठ आखडायची. एकाच जागी, एकाच कोनात बसणं हेच तिला सोसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ताठ बसता येईल, मधूनमधून उठता येईल असं काही असेल तर करून बघा, दुखलं तर उतरा.

ताठ बसणं, पाय खाली भक्कम टेकलेले, आणि खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन जरा उचलून घेणं, हे सगळं या जातीच्या मोटरसायकलवर जमतं. 'ॲडव्हेंचर टूरर' म्हणतात हिला. नाव फार मोठं आहे. साध्या मराठीत सांगायचं तर वाईट रस्त्यावर लांब जाण्यासाठी बांधलेली गाडी. आम्ही दोघांनी आपसात एक करार केला. हजार किलोमीटर चालवायची. कंबरेनं तक्रार केली, तर जो तोटा होईल तो सोसून विकायची. घरात दुसऱ्या कुणाला हे सांगितलं नव्हतं.

गाडी दारात आली तेव्हा बाबा काठी टेकत खाली आले. त्यांनी एका काळी नंबर लावून, वाट बघून चेतक स्कूटर घेतलेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "स्टेपनी कुठाय?"

प्रश्न अगदी योग्य होता. चेतकची दोन्ही चाकं सारखी, त्यामुळे एक जादा चाक बरोबर ठेवलं की भागायचं. हिचं पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १७ इंची, तेव्हा स्टेपनी ठेवायची तर दोन ठेवाव्या लागतील. पुढचं चाक एवढं मोठं का, तर बैलगाडीचं चाक मोठं का असतं तेच कारण. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्याच खड्ड्यावरून बरंचसं ओलांडून जातं. चाकं आऱ्यांची आहेत, कारण दगडाचा दणका बसला तर आऱ्यांचं चाक थोडं वाकून घेतं. ओतीव चाकाला तडा जाण्याची भीती असते. पूर्वी आऱ्यांच्या चाकात ट्यूब असायचीच, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटायची. आता आरे रिमच्या कडेला बसवतात, भोकं हवेच्या पोकळीत येतच नाहीत, म्हणून ट्यूबही लागत नाही. आम्ही थोडे जास्त पैसे देऊन तशी चाकं घेतली. खिळा घुसला तर तो उपसायचा, भोकात चिकट पट्टी खुपसायची, छोट्या पंपानं हवा भरायची. बाबांना हे पटवायला संध्याकाळ गेली. पट्टी दाखवल्यावर म्हणाले, "म्हणजे स्टेपनी खिशात."

आता पाय. बसायची जागा जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे. आमच्या उंचीला दोन्ही टाचा टेकत नाहीत, एक पाय पुरा टेकतो, दुसऱ्याचा चवडा. वजन १९६ किलो. घरी अजून स्प्लेंडर आहे, ती ११२ किलोची. चालू असताना हा फरक कळत नाही, पण उभी असताना, ढकलताना कळतो. त्यामुळे काही सवयी लागल्या. उतारावर नाक खाली करून ती उभी करायची नाही, कारण मागे ओढताना दम निघतो. थांबायच्या आधी कुठला पाय टेकणार ते ठरवायचं आणि त्या बाजूला खळगा नाही ना ते बघायचं. मागे बसणारीनं 'बसू का?' विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. हा शेवटचा नियम मागे बसणारीनंच केलेला आहे.

इंजिन ४५२ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं, ताकद ४० अश्वशक्ती. पहिल्या पाचशे किलोमीटरांत ते ताणायचं नसतं, एकाच वेगात फार वेळ ठेवायचंही नसतं. त्यामुळे ४० घोडे आम्ही बरेच दिवस तबेल्यातच ठेवले. रोज सकाळी ऑफिसच्या आधी महूच्या बाजूला जाऊन यायचं, पोहे खायचे, परत. एका रविवारी महूवरून जाम गेटपर्यंत गेलो. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला तो दरवाजा माळव्याच्या पठाराच्या अगदी कडेला उभा आहे. तिथून खाली निमाड दिसतो आणि घाटरस्ता मंडलेश्वरकडे उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे हा चारशे मीटरचा जिना. मोटारीतून कितीदा उतरलो असू, पण खाली जाताना हवा वळणावळणाला कशी तापत जाते ते तोंडावर घेतल्याशिवाय कळत नाही.

पहिली सर्व्हिसिंग झाल्यावर खरी परीक्षा ठरवली, रावेरखेडीची.

आपल्यापैकी किती जण तिथे गेले आहेत, हात वर करायला लावत नाही. नाव सगळ्यांनी ऐकलंय. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला तिथे नर्मदाकाठी गेले. नासिरजंगाकडून तहात हंडिया आणि खरगोण मिळालं होतं, तिकडे आले असताना ज्वरानं गाठलं. वय पुरं चाळीसही नव्हतं. आपली इंदुरातली, देवासची, धारची, ग्वाल्हेरची घरं ज्या मोहिमांच्या मागोमाग इकडे आली, त्या बऱ्याचशा त्यांच्याच. आम्ही दोघं इथेच जन्मलो, वाढलो, आणि शंभरेक किलोमीटरवरची ती जागा कधी बघितली नव्हती. शेवटचा टप्पा खराब आहे, हे कारण नेहमी तयार असायचं. आता ते कारणच हवं होतं.

२७ एप्रिल, रविवार. पहाटे पाचला निघालो. आदल्या संध्याकाळी गॅलरीत एक काम केलं होतं, ते सांगतो, कारण दुचाकीवर दोघं बसणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. मागच्या शॉकॲबसॉर्बरच्या स्प्रिंगवर आधीच किती ताण द्यायचा, ते बदलता येतं. हिचं मागचं चाक २०० मिलिमीटर वरखाली होऊ शकतं. पण स्प्रिंग एका माणसाच्या मापाची ठेवून वर दोघं आणि सामान बसलं, की त्यातलं बरंचसं अंतर बसतानाच संपतं. मग खड्ड्यात शेवटचा ठोका थेट पाठीत. आम्ही टेप लावून मोजलं : रिकामी गाडी किती उंच, दोघं बसल्यावर किती दबते. ताण वाढवला, पुन्हा बसलो, पुन्हा मोजलं. टेप धरायला मुलगी होती. समोरच्या गॅलरीतल्या काकूंना वाटलं, आम्ही फोटो काढतोय.

सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह. रस्त्याचं काम सुरू असल्यानं मधेमधे वळणरस्ते, खडी, धूळ. पोटापाण्याचा धंदा रस्त्यांचाच, तेव्हा एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पुलाच्या तोंडाशी नेहमी दणका का बसतो? पूल पायावर उभा असतो, तो बसत नाही. त्याच्या अलीकडचा मातीचा भराव मात्र वर्षानुवर्षं दबत राहतो, आणि दोघांच्या सांध्यात पायरी तयार होते. ऑफिसात आम्ही ती कागदावर बघतो. त्या दिवशी प्रत्येक पुलाआधी मागून विचारणा व्हायची, "पायरी आहे का?" आणि 'आहे' म्हटलं की दोघंही पायांवर उचलून घ्यायचो. बडवाहपर्यंत लय जमली.

खडीवरचा एक अनुभव. ब्रेकमध्ये एबीएस असतं, म्हणजे चाक जाम होऊ लागलं की ते ब्रेक क्षणभर सैल करतं. डांबरावर यानं जीव वाचतो. पण सुट्या खडीच्या उतारावर ते इतक्यांदा सैल करतं, की गाडी थांबायला नको तेवढं अंतर घेते. म्हणून हिच्यात फक्त मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आहे. खडी संपली की आठवणीनं पुन्हा चालू करायचं. आठवणीचं खातं आमच्यात कुणाकडे आहे ते सांगायला नको.

मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा ओलांडली, उजाडलं होतं. सनावदला चहा. पुढे बेडिया, मिरचीच्या बाजाराचं गाव. हेल्मेटच्या आत ठसका लागला की बेडिया आलं असं समजावं. तिथून आत वळल्यावर मात्र मोबाइलच्या नकाशानं, जो हिच्या गोल पडद्यावर दिसतो, आम्हाला शेतातल्या पायवाटेकडे पाठवायचं मनावर घेतलं. एका म्हातारबाबांना विचारलं. ते म्हणाले, "पेशवा सरकार की समाधि? सीधे जाओ." पावणेतीनशे वर्षांनंतर निमाडातला शेतकरी 'सरकार' म्हणतो. दोघंही काही वेळ गप्प होतो.

समाधी साधी आहे. नानासाहेबांच्या सांगण्यावरून राणोजी शिंद्यांनी बांधलेली. भोवती धर्मशाळेच्या भिंती आणि पलीकडे नर्मदेचं पात्र. आम्ही पोचलो तेव्हा आणखी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पुण्यतिथीसाठी कुणीतरी झाडून ठेवलं होतं. साडेनऊलाच दगड हात लावू देत नव्हते. एप्रिलच्या अखेरीचा निमाडातला उन्हाळा, अंगात ताप, वर तंबूचं कापड. पाठ्यपुस्तकात 'ज्वराने निधन' हे दोन शब्द असतात. तिथे जाकीट घालून उभं राहिल्यावर ते दोन शब्द अंगाला लागले.

सौ.नं सावलीत चादर अंथरली आणि सरळ आडवी झाली. विचारलं, दुखतंय? म्हणाली, "दुखत नाहीये. दुखेल म्हणून झोपलेय." हा फरक दीड वर्ष कंबरदुखी बघितलेल्या माणसालाच कळतो. उन्हात परत निघण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो. डबा खाल्ला. एका घरातून ताक आलं, पैसे घेतले नाहीत.

पाचनंतर निघालो. गंज्या पाण्यात भिजवून त्यावर जाळीची जाकिटं चढवली. गाडी चालू असताना वारा ते पाणी सुकवतो आणि अंग गार राहतं, तासाभरानं पुन्हा भिजवायचं. घाट चढताना हवा बदलली. इंजिन दोघांना आणि सामानाला घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढत होतं. मंद चालीत, चढावर पंखा चालू झाला की पायांवर गरम झोत येतो. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता कुठेतरी जायचीच. सिमरोलच्या पुढे आकड्यांवर १००० दिसला. बाजूला घेऊन थांबलो. करार दोघांच्याही लक्षात होता.

सौ. उतरली, कमरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवली, पुन्हा सरळ झाली. मग मागच्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, "इथे पेट्या बसतात ना? चादर, डबा सगळं मांडीवर घेऊन मी पुढच्या वेळी येणार नाही."

पेट्या अजून घेतलेल्या नाहीत, त्या महाग आहेत. सध्या कॅनव्हासच्या दोन झोळ्या शिवून घेतल्या आहेत, सराफ्याजवळच्या ज्या दुकानात शाळेच्या पिशव्या शिवतात तिथे. सतरा लिटरची टाकी आहे, लिटरला तीसच्या आसपास पडतं, तेव्हा साडेचारशे किलोमीटर पंपाची काळजी नाही. कंबरेचं म्हणाल, तर दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चालायचं, हा नियम आहे आणि तो मोडत नाही. लांबच्या प्रवासानंतर दुसऱ्या दिवशी शेक. पूर्ण बरी झाली असं आम्ही म्हणत नाही.

दसऱ्यानंतर पुन्हा रावेरखेडीला जायचं आहे, या वेळी बाबांना घेऊन. अर्थात मोटारीनं. आम्ही पुढे गाडीवर, ते मागून. मंडळातून कुणाला यायचं असेल, तर सौ.कडे नाव द्या. निघायची वेळ पहाटे पाचचीच राहील.