दुमडणारी बिजागरी आणि स्थिर चित्र



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, राज्यशास्त्र, संगीत अशा थोर विषयांची पंगत बसलेली असते. त्या पंगतीत बिजागरीचे पान मांडणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु जी वस्तू आपण दिवसातून पन्नास वेळा हाताळतो, तिचा विचार आपण वर्षातून एकदाही करीत नाही, हेही तितकेच चमत्कारिक नव्हे काय? आज मला विचार करावयाचा आहे तो एका विशिष्ट बिजागरीचा. चालत्या माणसाच्या हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारी जी उपकरणे आज लग्नमंडपापासून चित्रपटापर्यंत सर्वत्र दिसतात, ती पिशवीत मावावीत म्हणून दुमडतात. ज्या सांध्यावर ती दुमडतात, तो सांधा कसा रचावा, हा आपला विषय.

प्रथम, स्थिरतेची एवढी मातब्बरी कशासाठी? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्या नगरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. लेण्यांच्या आतली चित्रे अंधुक उजेडात आहेत, आणि त्यांच्यावर फ्लॅशचा प्रकाश टाकण्यास मनाई आहे. ती रास्तच आहे. उजेड थोडा असला की कॅमेऱ्याचा डोळा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. अर्धा सेकंद डोळा उघडा राहिला आणि तेवढ्यात हात किंचित हलला, तर पद्मपाणीच्या पापणीची रेघ फासली जाते. तिपाई लावावी म्हटले, तर पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिला परवानगी लागते; शिवाय ती पायऱ्या चढून वर न्यावी लागते.

या चित्रांच्या नोंदीला काय मोल आहे, हे इतिहासाने आपल्याला कठोरपणे शिकविले आहे. मेजर रॉबर्ट गिल हे १८४४ साली अजिंठ्याच्या कामावर नेमले गेले आणि त्यांनी वर्षानुवर्षे खपून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली ग्रंथरूपाने निघाली. हाताने केलेली प्रत एकच असते, ती गेली की गेली. छायाचित्राच्या प्रती अनेक निघतात. मात्र ते मुळात स्थिर हवे. हललेल्या चित्राच्या हजार प्रती काढल्या तरी हजारही हललेल्याच निघणार.

महाराष्ट्रात चलच्चित्राचा उदय झाला तोही या स्थिरतेच्या पायावर. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि 'राजा हरिश्चंद्र' च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक छोटा चित्रपट केला. रोप दिवसादिवसांनी वाढत होते आणि त्याची चित्रे थोड्याथोड्या अवकाशाने घेतली जात होती. त्या सबंध काळात कॅमेरा जरा जरी सरकला असता, तरी पडद्यावर रोप वाढताना न दिसता उड्या मारताना दिसले असते. पुढे कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेराच येथे घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. नकाशा बाहेरून येण्याची वाट पाहत ते बसले नाहीत, ही गोष्ट मनात ठेवावी. शेवटी तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

तिपाईने कॅमेरा स्थिर होतो, परंतु जागेला खिळतो. चालता चालता तो स्थिर ठेवण्याची युक्ती अमेरिकेतील गॅरेट ब्राउन यांनी १९७० नंतरच्या दशकात काढली. तिला स्टेडीकॅम म्हणतात. १९७६ च्या चित्रपटांतून ती जगापुढे आली. एका दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी व पडदा, आणि गुरुत्वमध्याच्या जवळ हलके फिरणारी कडी. नटीच्या हातातली लांब काठी तिला तोल सावरण्यास मदत करते. वजन दूरदूर पसरले की वस्तू सहजी कलत नाही, हेच तेथे तत्त्व आहे. आजच्या हातात धरावयाच्या गिम्बलमध्ये वजनाऐवजी तीन छोट्या मोटारी असतात. कॅमेरा किती कलला हे एक संवेदक क्षणोक्षणी मोजतो, आणि मोटारी त्याला तितकेच उलट फिरवितात.

आता ही दोन्ही साधने लांब आहेत आणि माणसाला ती खांद्यावरच्या पिशवीत हवी आहेत. तेव्हा दांडा मध्ये कापावयाचा आणि तेथे बिजागरी बसवावयाची. येथेच खरी अडचण सुरू होते.

आपल्या घरातला अडकित्ता आठवा. नवा असताना त्याची दोन पाती एकमेकांना घासून जातात आणि सुपारीचे पातळ काप पडतात. वर्षे लोटली, मधला खिळा झिजला, की पाते बाजूला पळते आणि सुपारी कापली न जाता चेपते. पात्याला धार तीच आहे, हात तोच आहे. बिघडला आहे तो एक सांधा. पिन फिरावयाची असेल तर भोकात थोडी मोकळीक हवीच, नाहीतर ती फिरणारच नाही. ही मोकळीक म्हणजे बिजागरीचा प्राण, आणि तीच स्थिरतेचा शत्रू.

थोडा हिशेब करू. समजा, बिजागरीची लांबी २५ मिलिमीटर आहे आणि पिनेभोवती ०.०५ मिलिमीटर मोकळीक आहे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. तिच्यावरचा दांडा ५०० मिलिमीटर, म्हणजे बिजागरीच्या वीसपट लांब आहे. तर टोकाशी ती मोकळीकही वीसपट होते. कॅमेरा पुरा एक मिलिमीटर हलतो. एवढ्यावर भागत नाही. दांडा कलला की कॅमेऱ्याची नजरही कलते, आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर ती एक सेंटिमीटर सरकते. केसाएवढ्या फटीचे पद्मपाणीच्या चेहऱ्यावर बोटाएवढे अंतर झाले!

मोटारीच्या गिम्बलमध्ये तर दुखणे आणखी वाढते. मोटर फिरते, पण मधल्या सांध्यात ढिलाई असल्यामुळे कॅमेरा क्षणभर हलतच नाही. संवेदक म्हणतो, अजून फिर. मोटर अधिक फिरते, तोच ढिलाई संपते आणि कॅमेरा हिसका बसून पुढे जातो. मग उलट आज्ञा होते. शेवटी मोटर गुरगुरू लागते आणि सगळे उपकरण थरथरते. गिऱ्हाईक मोटारीला दोष देतो. दोष बहुधा पिनेचा असतो.

मग उपाय काय? पहिला विचार मनात येतो तो हा की पिन अधिक घट्ट बसवावी. पण घट्ट पिन फिरावयास जड जाते, आणि हजारदा उघडमीट झाली की तीही झिजते. दुसरा उपाय बिजागरी रुंद करण्याचा. पिन ज्यांतून जाते ते कान दुप्पट दूर ठेवले, तर कलणे निम्मे होते. हा उपाय चांगला आहे, पण पिशवीत जागा खातो. 

तिसरा उपाय या दोहोंहून शहाणपणाचा आहे. आपण स्वतःला प्रश्न विचारावा: अचूकपणा नेमका केव्हा हवा आहे? दांडा दुमडत असताना कोणी चित्र घेत नाही. तेव्हा पिन थोडी सैल असली तरी काही बिघडत नाही. अचूकपणा हवा तो दांडा पुरा उघडल्यानंतर, आणि त्या वेळी भार पिनेवर असताच कामा नये. दांड्याच्या दोन्ही तुकड्यांची तोंडे सपाट तासून एकमेकांवर टेकवावी आणि एका कडीने ती आवळून धरावी. पिनेचे काम फक्त वाट दाखविण्याचे. मुक्कामाला पोहोचल्यावर वाटाड्याच्या खांद्यावर ओझे देऊ नये.

तोंडे टेकवितानाही एक पथ्य आहे. चार पायांचे स्टूल ओबडधोबड फरशीवर डुगडुगते, तीन पायांचे डुगडुगत नाही. म्हणून सबंध तोंड टेकविण्याचा हट्ट न धरता तीन लहान उंचवटे ठेवावे. ते बरोबर बसले की दांडा दरवेळी त्याच जागी येतो.

आणि कडी कोणती? ती तर आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. जेवणाच्या डब्याच्या बाजूची कडी दाबताना प्रथम जड जाते, मग एक बिंदू ओलांडला की 'खट्' करून बसते, आणि डबा कितीही हिंदकळला तरी सुटत नाही. आतली ओढच तिला अधिक बंद करते. हेच तत्त्व येथे हवे. तिची ओढ किती असावी, याचाही हिशेब वीसपटीचाच आहे. एक किलोचा कॅमेरा ५०० मिलिमीटरवर आडवा धरला आणि कडी व टेकण यांत २५ मिलिमीटर अंतर असले, तर नुसत्या तोलाला वीस किलो वजनाइतकी ओढ लागते. चालताना हिसके बसतात, म्हणून त्याच्या दुप्पट धरावी. ओढ कमी पडली तर तोंडे क्षणभर विलग होतात, आणि फट पुन्हा जिवंत होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धूळ फार. तेल लावलेल्या पिनेवर ती बसली की तिचा घासणारा लेप होतो. म्हणून तेलावाचून चालणारा बुश बरा. ॲल्युमिनियम उन्हात पोलादाच्या सुमारे दुप्पट पसरते, तेव्हा फट ठरविताना सावलीतले माप पुरे नाही. तारा सांध्यातून न्यावयाच्या तर पिनेच्या अगदी जवळून आणि थोडा वळसा ठेवून न्याव्या, म्हणजे त्या ताणल्या जात नाहीत. आणि कडीला एक जादा खुंटी असावीच, कारण चुकून बोट लागले तर पडणार आहे तो दुसऱ्याचा कॅमेरा.

घेताना परीक्षा कशी करावी, हे कोणालाही जमेल. दांडा उघडून कडी लावा, बूड घट्ट धरा आणि टोक बोटाने हलकेच ढकला. टोक किंचित वाकून हात काढताच परत आले, तर तो धातूचा लवचीकपणा. तो थोडाफार असतोच. पण टोक 'खुट्' करून सरकले आणि तेथेच राहिले, तर ती ढिलाई. तिला क्षमा करू नका.

आता मूळ मुद्दा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे अचूक काम करणारे हात आहेत; इंडो-जर्मन टूल रूमसारखी शिक्षणसंस्था या गावात आहे. नकाशावर लिहिलेले माप तंतोतंत उतरविणे आपल्या कारागिरांना अवघड नाही. पण ते माप तेथे का लिहिले, हा प्रश्न कितीजण विचारतात? या बिजागरीने आपल्याला दाखविले की सर्वच मापे सारखी महत्त्वाची नसतात. पिनेवर केलेली अतिरेकी मेहनत वाया जाते, आणि टेकणाच्या तीन उंचवट्यांवर केलेली प्रत्येक मिनिटाची मेहनत चित्रात दिसते. मेहनत कोठे खर्चावी आणि कोठे राखावी, हे ठरविणे म्हणजेच रचना. ते दुसऱ्याने ठरवावे आणि आपण फक्त उतरवावे, असे चालू राहिले तर आपले हात कितीही तयार झाले तरी मजुरीपलीकडे काही मिळणार नाही. कोल्हापूरच्या त्या चित्रकाराने हा प्रश्न स्वतःच सोडविला. म्हणून त्याचे नाव आज आपण घेतो.

आपल्या जिल्ह्यात अंधारातली चित्रे आहेत आणि आपल्या नगरात अचूक काम करणारे हात आहेत. या दोहोंना जोडणारा सांधा येथेच घडावा, एवढीच माझी इच्छा आहे.