पीएच.डी.नंतरची दोन वर्षे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयापासून बिठूरच्या पेशव्यांपर्यंत अनेक विषय होऊन गेले. कार्यवाहांनी आमचा विषय विचारला तेव्हा, खरे सांगायचे तर, ते थोडे चपापले. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या आणि पुढे तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर टिप्पणी लिहिण्यात घालविलेल्या माणसाने ‘सेंद्रिय प्रकाशविद्युत साधनां’वर बोलावे, हे कोणासही चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्याकडे चालत आला. आपल्या मंडळाच्या एका जुन्या सभासदांची कन्या, जिला आपण सर्वांनी गणेशोत्सवातील नाटुकल्यांतून लहानाची मोठी होताना पाहिले आहे, या विषयात पीएच.डी. झाली. तिच्यापुढे आज दोन कागद आहेत. एक, केंद्र सरकारच्याच एका कार्यालयातील तांत्रिक अधिकाऱ्याच्या कायम जागेचे नेमणूकपत्र. दुसरा, जर्मनीतील एका विद्यापीठाचे दोन वर्षांच्या संशोधनासाठीचे निमंत्रण. तिच्या मातोश्रींचा प्रश्न साधा आहे : मुलीचे वय एकतीस; अजून तात्पुरतेच का? वडिलांनी आम्हांस सल्ला विचारला, कारण ‘तात्पुरते’ आणि ‘कायम’ या शब्दांचा अर्थ आम्हांस ठाऊक असावा, असा त्यांचा समज. आमच्या या परप्रांतीच्या घरांतून असेच प्रश्न आणखीही असतील, म्हणून संबंधितांच्या संमतीने हा विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम विषय समजून घेऊ. ‘सेंद्रिय’ म्हटले की आपल्याला सेंद्रिय गूळ आणि शेणखत आठवते. आमच्या सौभाग्यवतींनी तर ही मुलगी शेतकी खात्यात जाणार असेच धरले होते. येथे सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या अणूंपासून बनलेले रेणू. अशा काही रेणूंत कार्बनच्या साखळीमध्ये एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी, अशी रचना असते. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले न राहता साखळीभर मोकळे फिरतात, आणि असे रेणू दृश्य प्रकाश शोषून घेऊ शकतात. हळदीचा पिवळा आणि गाजराचा केशरी रंग याच रचनेतून येतो. गाजरातल्या कॅरोटीनमध्ये असे अकरा दुहेरी बंध ओळीने आहेत. आपल्या स्वयंपाकघरात जे रंगापुरते राहिले, त्यातून वीज वाहू शकेल काय, आणि वाहिली तर प्रकाश मिळेल काय, एवढाच या शास्त्राचा मूळ प्रश्न.

त्याचे उत्तर आज आपणांपैकी कित्येकांच्या खिशात आहे. पुष्कळ मोबाईलचे पडदे ज्या ‘ओलेड’ तंत्राचे असतात, ते हेच. काचेवर एक पारदर्शक विद्युतवाहक थर, त्यावर सेंद्रिय द्रव्यांचे काही पातळ थर आणि वर धातूचा थर. एका बाजूने इलेक्ट्रॉन सोडायचे, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, ज्यास शास्त्रज्ञ ‘होल’ म्हणतात. दोघांची मध्ये गाठ पडली की प्रकाश बाहेर पडतो. हीच क्रिया उलट चालविली, म्हणजे प्रकाश आत घेऊन वीज बाहेर काढली, की सौरघट झाला. या सर्व सेंद्रिय थरांची मिळून जाडी शंभर-दीडशे नॅनोमीटर भरते. मनुष्याचा केस ऐंशी-नव्वद हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

हे काम कसे चालते ते पाहण्यासाठी आम्ही आपल्याच कानपूरच्या आय.आय.टी.त एक दिवस जाऊन आलो. लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र तेथेच आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. कल्याणपूरवरून आपण नित्य जातो, आत डोकावत नाही. आमची समजूत अशी की प्रयोगशाळेत दिवसभर बुद्धीचे काम चालत असेल. प्रत्यक्षात निम्मा दिवस धुण्यात जातो. इंचभर काचेचे चौकोन साबणाच्या पाण्याने, मग ॲसिटोनने, मग आणखी एका अल्कोहोलने धुवायचे, वाळवायचे, धुळीचा कणही राहू द्यायचा नाही. कारण थर एवढा पातळ की धुळीचा एक कण त्याच्यापुढे डोंगरच. पुढचे काम काचेच्या बंद पेटीत. पेटीला रबरी हातमोजे बसविलेले. माणूस बाहेर उभा राहून त्यांत हात घालतो. आत नायट्रोजन, आणि प्राणवायू व पाण्याची वाफ दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी, कारण हवा लागली की ही साधने थोड्याच अवधीत खराब होतात. त्यानंतर निर्वात कक्षात, जेथील दाब वातावरणाच्या अब्जांशाइतका असतो, औषधाच्या पुडीपेक्षाही थोडे द्रव्य तापवून त्याची वाफ काचेवर बसू द्यायची. अशी एक खेप व्हायला दिवस जातो. साधन पेटले तर मोजमाप. न पेटले तर उद्या पुन्हा धुण्यापासून सुरुवात. आमच्या कार्यालयात एवढ्या वेळा फाईल परत आली असती तर आम्ही बदलीचा अर्ज केला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पीएच.डी.नंतरची ही तात्पुरती जागा कशासाठी असते? पीएच.डी.मध्ये विद्यार्थी मार्गदर्शकाच्या छत्राखाली एक प्रश्न सोडवितो. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने दुसऱ्या गुरूकडे, दुसऱ्या यंत्रांवर, दुसऱ्या प्रश्नावर काम करून दाखवावे अशी अपेक्षा असते. पूर्वी आपल्याकडे गवई एका घराण्याची तालीम पुरी झाल्यावर दुसऱ्या घराण्याच्या बुवांकडे काही काळ जाऊन राहत, त्यातलाच हा प्रकार. आपल्या देशातही याची सोय आहे. भारत सरकारने २०२३ च्या जानेवारीपासून लागू केलेल्या दरांप्रमाणे अशा संशोधन सहयोग्यास दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि घरभाडे मिळते. आय.आय.टी.त सहायक प्राध्यापकाच्या वरच्या श्रेणीसाठी पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा ज्यांना ही ‘वाया गेलेली वर्षे’ वाटतात त्यांनी ध्यानात घ्यावे की पुढच्या दाराची किल्ली याच वर्षांत मिळते.

आणि या शास्त्राचा इतिहास पाहिला तर (तेवढा अधिकार आमच्या बी.ए.ने आम्हांस दिला आहे) त्याचा जन्मच अशा तात्पुरत्या मुक्कामात झाला असे दिसते. जपानात हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत १९६७ साली एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक द्रव्य हजारपट जास्त पडले, आणि काळ्या भुकटीऐवजी पॉलिॲसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा हाती आला. पुढे अमेरिकेचे ॲलन मॅकडायर्मिड यांनी तो पापुद्रा पाहिला आणि शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वर्षभरासाठी बोलावून घेतले. तेथे १९७६ च्या नोव्हेंबरात त्या पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली तेव्हा त्याची विद्युतवाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. हे मोजमाप करताना शिराकावांच्या शेजारी होते चिआंग नावाचे संशोधक. ते ॲलन हीगर यांच्याकडे पीएच.डी.नंतरच्या याच प्रकारच्या जागेवर होते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकी एकावर सर्वांत पहिले नाव त्यांचेच आहे. २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना. पारितोषिक तिघांहून अधिकांना देत नाहीत.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली, आणि तिच्या दोन्ही बाजू सांगितल्या. या जागेवरच्या माणसाच्या हातून मोठी गोष्ट घडू शकते, आणि घडल्यावर तिचे श्रेय वरच्या नावांकडे जाऊ शकते. मुलीच्या मातोश्रींपासून यांतले काही लपवावे असे आम्हांस वाटले नाही.

पुढची प्रगती थोडक्यात सांगतो. १९८७ साली कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन थरांचे साधन करून दहा व्होल्टांच्या आत झगझगीत प्रकाश मिळविला. त्यापूर्वी सेंद्रिय स्फटिकांना शेकडो व्होल्ट द्यावे लागत. १९९० साली केंब्रिजच्या मंडळींनी प्लास्टिकजातीच्या द्रव्यातून प्रकाश काढला. परंतु निसर्गाच्या नियमाप्रमाणे अशा साधनात चारांपैकी एकाच गाठीतून सरळ प्रकाश मिळतो, तीन वाया जातात. १९९८ पासून प्लॅटिनम, इरिडियम यांसारख्या जड धातूंचे रेणू वापरून त्या तिन्ही वसूल करता येऊ लागल्या, आणि २०१२ साली जपानात अडाची यांनी जड धातूवाचूनही ते साधून दाखविले. निळा रंग मात्र अद्याप हट्ट धरून बसला आहे. तांबड्या-हिरव्याच्या मानाने त्याच्या रेणूंचे आयुष्य कमी पडते. आपल्या या कन्येला जर्मनीत ज्या कामासाठी बोलावले आहे ते या निळ्याच्याच दुखण्यावर.

जर्मनीच का, असेही विचारले गेले. तेथील ड्रेस्डेन शहराचे उदाहरण घ्या. तेथील विद्यापीठात कार्ल लिओ यांनी या थरांत वीज सुलभपणे खेळविण्याची जी पद्धत वाढविली, तिच्यातून कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी नोव्हालेड ही २०१३ साली सॅमसंगने घेतली, आणि २००६ साली निघालेली हेलियाटेक सेंद्रिय सौरपत्रे करते. शाळा, कारखाना आणि यंत्रे एकाच भूमीत मिळण्याचा हा लाभ आहे. त्याचबरोबर तेथील कायदाही पाहावा. २००७ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे विद्यापीठात पीएच.डी.नंतर मुदतीच्या नेमणुका साधारण सहा वर्षेच देता येतात. पुढे कायम जागा मिळाली तर ठीक, नाही तर विद्यापीठाबाहेरचा रस्ता. कायम जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. तेव्हा ‘एकदा परदेशी गेली की झाले’ हे समीकरण आपल्या मनातून काढून टाकलेले बरे.

आमच्या काही मित्रांनी मधला मार्ग सुचविला : आधी कायम नोकरीत रुजू व्हावे, नंतर अभ्यास रजा घेऊन जावे. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. परंतु केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे अभ्यास रजेसाठी परिवीक्षा पुरी होऊन किमान पाच वर्षांची सेवा व्हावी लागते, आणि सर्वसाधारणपणे उभ्या सेवेत ती चोवीस महिन्यांहून अधिक मिळत नाही. शिवाय ती मंजूर करणे वरिष्ठांच्या हाती. या शास्त्रात पाच वर्षे म्हणजे काय? २०१५ च्या सुमारास उत्तम सेंद्रिय सौरघट सूर्यप्रकाशाच्या अकरा टक्क्यांच्या आसपास वीज करीत. २०२० पर्यंत हा आकडा अठरापर्यंत गेला, कारण मधल्या काळात चिनी शास्त्रज्ञांनी नवीच द्रव्ये शोधली. २०१५ साली हातमोजे उतरवून ठेवलेल्या माणसाला २०२० साली त्या द्रव्यांची नावेही नवी वाटली असती. सरकारी नोकरीत पाच वर्षांनंतर तेच खुर्ची-टेबल सापडते. येथे सापडत नाही.

पेन्शनचा मुद्दा राहिला. आम्ही २००४ पूर्वी रुजू झालो, म्हणून आम्हांस जुने निवृत्तिवेतन आहे आणि आमच्या पिढीला कायम नोकरीचे जे अप्रूप वाटते त्याचे मोठे कारण तेच. आजच्या मुलांना ते त्या स्वरूपात मिळत नाही. ज्या खुंटीवर आम्ही जन्मभर निर्धास्तपणे कोट टांगला, ती खुंटी त्यांच्या भिंतीवर नाही, हे आपण विसरतो आणि सल्ला मात्र जुनाच देतो.

या सर्व विचारांती आमचे मत असे झाले की मुलीने जर्मनीला जावे. लग्नाचे काय, असे मातोश्रींनी विचारले. त्यावर आम्ही एवढेच म्हटले की जे स्थळ दोन वर्षे थांबू शकत नाही ते पुढची तीस वर्षे कसे काढील याचाही विचार व्हावा. त्या हसल्या, पण त्यांचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. आईचे मन नियमावलीने वळत नाही, आणि त्यांच्या प्रकृतीकडे लक्ष देणारे येथे जवळचे दुसरे कोणी नाही, ही खरी अडचण आहे. मंडळाच्या महिला शाखेने आळीपाळीने त्यांच्याकडे जाण्याचे मान्य केले आहे, त्याची नोंद येथे करतो.

परंतु ‘जावे’ म्हणताना आम्ही एक अट घातली. नेमणुकीचा कागद आम्ही स्वतः वाचला. सवयीप्रमाणे समासात खुणा केल्या, आणि कन्येस तीन प्रश्न लिहून पाठविण्यास सांगितले. दुसऱ्या वर्षाचा पगार आज मंजूर आहे, की पहिल्या वर्षाचे काम पाहून ठरणार? निर्वात यंत्र तिच्या वाट्याला आठवड्यातून किती दिवस येणार? आणि या प्राध्यापकांकडे गेल्या दहा वर्षांत अशा जागेवर जे होऊन गेले, ते आज कोठे आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली आहेत आणि ती समाधानकारक आहेत. तिसऱ्याचे अद्याप यावयाचे आहे. ते हाती आल्यावाचून होकार धाडू नये, असे आम्ही तिच्या वडिलांना सांगितले आहे.