मुसाफिराचा शेवटचा टप्पा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात वास्को येथे केलेले भाषण)



 अहवाल आणि हिशेब आपण ऐकलेच आहेत. मी भूगोल शिकवतो, तेव्हा आपणांस थोडा वेळ नकाशावर नेणार आहे. विषय मुलांच्या आवडीचा आहे : मोटारसायकलवरून एकट्याने केलेला आफ्रिकेचा प्रवास, आणि त्यातही त्या प्रवासाचे अखेरचे दिवस. याचा आपल्या संस्थेशी काय संबंध, असे कोणाच्या मनात आले असेल. तो मी शेवटी सांगेन.

गोव्याच्या माणसाला मोटारसायकलची ओळख करून द्यायला नको. भाडे घेऊन माणसाला मागे बसवून नेणारे आपले पायलट नाक्यानाक्यावर उभे असतात. परंतु पायलट रात्री घरी जेवायला येतो. कैरोहून केप टाऊनकडे निघालेल्या स्वारापुढे मात्र सुमारे दहा हजार किलोमीटरची वाट पसरलेली असते. इजिप्त, सुदान, इथिओपिया, केनिया, टांझानिया, झांबिया असे देश ओलांडत त्याला दक्षिणेकडे उतरायचे असते. इथिओपियापर्यंत वाहने उजव्या बाजूने चालतात. मोयालेच्या नाक्यावरून केनियात शिरले की आपल्यासारखी डाव्या बाजूने. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात युद्ध पेटले, तेव्हापासून तर ही वाट फारच बिकट झाली.

टेड सायमन नावाचे एक इंग्रज पत्रकार १९७३ च्या ऑक्टोबरात ट्रायम्फ मोटारसायकलवर लंडनहून एकटे निघाले. आफ्रिका उभी पार करून ते पुढे दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला हिंदुस्थान असे चार वर्षे फिरले. सुदानच्या वाळूत त्यांची गाडी पुनःपुन्हा आडवी झाली. त्यांच्या अनुभवाचे सार असे की, प्रवासात येणारे अडथळे हाच खरा प्रवास. कारण अडल्यावाचून माणसाची माणसाशी गाठ पडत नाही.

आता अखेरच्या दिवसांकडे वळू. आपल्याला वाटते की मुक्काम जवळ आला म्हणजे कष्ट संपले. वास्तविक त्या वेळी टायर गुळगुळीत झालेले असतात, साखळी सैल पडलेली असते, खिसा हलका झालेला असतो. दक्षिणेत रस्ता चांगला लागतो, वेग वाढतो, आणि जे मन वाळूत सावध होते ते डांबरावर पेंगू लागते. बाहेरचा धोका कमी होताच आतला धोका वाढतो. शिवाय टोक कोणते, याचाही घोटाळा असतो. पुष्कळांना केप ऑफ गुड होप हेच आफ्रिकेचे दक्षिण टोक वाटते. खरे टोक त्याच्या आग्नेयेस, केप अगुल्यास येथे आहे. पोर्तुगीज जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्या नावातली 'सुई' लगेच ओळखू येईल. ज्या दर्यावर्दीच्या नावाने आपले शहर ओळखले जाते, तो १४९७ साली याच टोकाला वळसा घालून आपल्या किनाऱ्याकडे आला.

त्या टोकावर उभा राहिलेला स्वार मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला काय दिसते? कोणी पंक्चर काढून दिलेले, कोणी पाण्याची बाटली पुढे केलेली, कोणी रात्रीपुरता ओटा दिलेला. त्यांतल्या कित्येकांची नावेही त्याला ठाऊक नसतात. हे ऋण फेडायचे कसे? देणारा हजारो किलोमीटर मागे राहिला. माझ्या मते या ऋणाचा एकच कायदा आहे : ते मागे फेडता येत नाही, पुढेच फेडावे लागते. जो पुढे अडलेला भेटेल, त्याच्यापाशी ते फेडायचे.

हीच गोष्ट सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या एका प्रवाशाच्या वृत्तांतात मोठी स्पष्ट दिसते. इब्न बतूता १३२५ साली, एकविसाव्या वर्षी, मोरोक्कोतील तँजिअरहून एकटाच निघाला. ट्यूनिसला पोहोचला तेव्हा लोक एकमेकांना सलाम करीत होते, याला मात्र कोणी ओळखीना. तेव्हा त्याला रडू कोसळले. ते पाहून एक यात्रेकरू पुढे आला आणि त्याची विचारपूस करू लागला. पुढे हाच माणूस हिंदुस्थानात आला, होन्नावरच्या सुलतानाबरोबर आपल्या गोव्यातही आला. त्या वेळच्या अरब लेखकांचे सिंदाबूर किंवा संदापूर ते हेच. त्याचा शेवटचा मोठा प्रवास १३५२ साली सुरू झाला, तो सहारा वाळवंटातून मालीच्या राज्याकडे.

त्या वाळवंटात वालाता गावापूर्वीचा टप्पा जिवावरचा होता. तेथे काफिला एक वाटाड्या पुढे पाठवी. त्याला ताक्शिफ म्हणत. तो काफिल्यातील लोकांची पत्रे घेऊन एकटा वालात्याला जाई. पत्रे मिळाली की गावकरी पाणी घेऊन चार दिवसांची वाट चालत सामोरे येत. ज्याची गावात ओळख नसे, तो एखाद्या नामांकित व्यापाऱ्याच्या नावे पत्र देई, आणि तो अनोळखी व्यापारीही आपला वाटा उचली. ताक्शिफ वाटेतच मेला तर गावाला खबर लागत नसे, आणि काफिला पाण्यावाचून नाश पावे. इब्न बतूताच्या काफिल्याने शंभर मिस्काल सोने देऊन असा एक माणूस ठरवला होता. याच काफिल्याच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा दुखरा होता, तरी वाट त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. सातव्या रात्री दूरवर शेकोट्या दिसल्या. सामोरे आलेल्या लोकांच्या त्या शेकोट्या पाहून सारा काफिला आनंदित झाला.

सद्गृहस्थहो, ही शेकोटी ध्यानात ठेवा. चार दिवस चालून अनोळखी माणसाला पाणी देणे, ही त्या गावाची रीत होती, त्यांचा धर्मादायच म्हणा.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आला, नकाशा हातात आला, असल्या रीतीची गरज काय? त्याचे उत्तर अलीकडचेच आहे. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईचा एक तरुण मोटारसायकलवर एकटा निघाला आणि सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोहोचला. पुढे आफ्रिकेत उतरण्याचा त्याचा बेत होता. ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅम येथे त्याची गाडी चोरीस गेली, पासपोर्टही गेला. तेव्हा त्या भागातील एका गाडीविक्रेत्याने, ओळखदेख नसताना, त्याला दुसरी गाडी देऊ केली. नकाशाने वाट दाखवली असती. गाडी माणसानेच दिली.

आमच्या धर्मात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत एक 'इब्नुस्सबील' आहे. शब्दशः अर्थ वाटेचा पुत्र, म्हणजे अडलेला मुसाफीर. घरी तो श्रीमंत असला तरी वाटेत अडला की त्याचा हक्क उभा राहतो. आपल्याकडे अतिथीला देव म्हटले, वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यामागील भावना हीच आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत प्रवासाला सफारी आणि प्रवाशाला म्साफिरी म्हणतात. आपली सफर आणि आपला मुसाफीर हे त्यांचेच सख्खे भाऊ. त्याच भाषेत एक म्हण आहे : पाहुण्याला दोन दिवस पाहुणा म्हणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. मला ही म्हण कठोर वाटत नाही. मदत अशी असावी की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये आणि त्याला लवकर आपल्या पायावर उभे राहता यावे.

आता संस्थेशी असलेला संबंध. वास्को हे बंदराचे आणि रेल्वेच्या शेवटच्या स्थानकाचे गाव. पेडणे, डिचोली, सावंतवाडी, कारवार, बेळगाव अशा ठिकाणांहून आपले वाडवडील येथे पोटासाठी आले. कोणाला तरी पहिल्या रात्री कोणी तरी ओटा दिला, म्हणून आज आपण या सभागृहात बसलो आहोत. तो देणारा आता हयात नसेल. अडलेले मात्र आजही येतात. खारीवाड्याच्या जेटीवरचा परप्रांतीय खलाशी, रुग्णाला घेऊन आलेले खेड्यातले नातलग, पाकीट हरवून स्थानकावर बसलेला मजूर, हे सगळे वाटेचे पुत्र आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर आपल्याच घरची मुले परदेशी जहाजांवर अडकून पडली होती. त्या दिवसांत आपण काय मागत होतो, ते आठवावे.

म्हणून विश्वस्तांपुढे माझी नम्र सूचना आहे. महोत्सवानिमित्त जमलेला सारा पैसा सभागृहाच्या फरशीवर खर्च करू नये. त्यातला लहानसा का होईना, एक भाग 'मुसाफीर निधी' म्हणून वेगळा ठेवावा. घरी जाण्याचे तिकीट, दोन वेळचे जेवण, दोन रात्रींचा निवारा, एवढेच त्याचे काम. जात, धर्म, प्रांत विचारू नये. घेणाऱ्याचे नाव फलकावर लावू नये. ज्याला परत करायचे असेल त्याने पुढच्या मुसाफिरासाठी टाकावे. फरशी दहा वर्षे मागाहून बसली तरी चालेल. वाटेत अडलेल्याला दहा दिवसही थांबता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातला कोणी एक दिवस आफ्रिकेच्या त्या टोकावर आपली गाडी उभी करील, अशी मला आशा आहे. निघताना हत्यारांच्या पिशवीत एक जादा पाना ठेवा, तो दुसऱ्यासाठी.