तटाच्या आत कोण?
(स्वागताध्यक्षीय भाषण)

आदरणीय संमेलनाध्यक्ष, उद्घाटक महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, ठिकठिकाणांहून आलेले इतिहासाचे अभ्यासक आणि प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी मित्रहो आणि माझ्या जुन्नरकर बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने शिवनेरीच्या पायथ्याशी मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. राहण्या-जेवण्याच्या व्यवस्थेत काही उणे दिसले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. दुपारच्या पंगतीला आमच्या भागातली मासवडी आहे. चर्चा कितीही रंगली तरी ती गार होऊ देऊ नका.

प्राचीन ग्रीक वसाहतींवरचे चर्चासत्र जुन्नरला कशासाठी, असा प्रश्न तयारीच्या बैठकीत निघाला होता. इथल्या डोंगरांतल्या लेण्यांत स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणाऱ्या दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. ही माणसे नेमकी कुठली, यावर विद्वानांत एकमत नाही आणि त्यांचा सिसिलीशी धागा जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परमुलखातून आलेल्या माणसांनी इथे दान दिले आणि आपले नाव दगडावर ठेवले, इतकेच मला सांगायचे आहे. याउलट आज ज्या नगरांबद्दल आपण बोलणार आहोत तिथली जमीन बहुतेक वेळा भाल्याच्या टोकाने हातबदल होत गेली.

मी सिसिलीपुरतेच बोलेन, कारण युद्धाने समाज आणि भूमी कशी घडवली याचा पुरावा तिथे जितका दाट आहे तितका ग्रीक जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो. इ.स.पू. ७३३ च्या सुमारास कॉरिंथचा आर्किआस माणसे घेऊन ऑर्टिजिया बेटावर उतरला. तिथे राहणाऱ्या सिकेल लोकांना हुसकावून त्याने सिरॅक्यूज वसवले. हे थ्युसिडिडीज एका वाक्यात सांगून पुढे जातो. लिऑन्टिनीचीही तीच कथा. मेगारा हिब्लियाला मात्र हिब्लॉन नावाच्या सिकेल राजाने आपण होऊन जागा दिली. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तिथे जे उत्खनन केले त्यात सुरुवातीपासून आखलेले सरळ रस्ते, चौकासाठी मोकळी ठेवलेली जागा आणि साधारण सारख्या आकाराचे घरांचे भूखंड दिसले. सगळ्यांना सारखा वाटा द्यायचा, या विचाराने आखलेले गाव होते ते.

या गावाचे पुढे काय झाले ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सिसिलीतल्या ग्रीकांचा सगळा इतिहास त्यात सापडतो. इ.स.पू. ४८५ मध्ये गेलाचा सत्ताधीश गेलॉन याने सिरॅक्यूज ताब्यात घेतले. कामारिना पाडून तिथली माणसे त्याने सिरॅक्यूजला आणली. आपल्याच गेलातली निम्मी वस्ती उचलून तिथे नेली. मग ४८३ च्या सुमारास मेगारा शरण आले. हिरोडोटस सांगतो की युद्ध पुकारले होते तिथल्या धनिकांनी, आणि आता आपली गर्दन जाणार अशी त्यांना धास्ती होती. गेलॉनने त्यांनाच सिरॅक्यूजचे नागरिक केले. ज्यांचा युद्धाच्या निर्णयात काही हात नव्हता ते सामान्य लोक त्याने सिसिलीबाहेर गुलाम म्हणून विकायला काढले. गोरगरिबांचा शेजार त्याला नकोसा होता. सारखे भूखंड पाडून वसवलेले ते गाव ओसाड झाले. आज त्या अवशेषांच्या आजूबाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत.

इथे माझा मुद्दा येतो. या नगरांच्या इतिहासात आपण लढाया मोजतो, सेनापतींची नावे पाठ करतो. पण युद्धाने तिथे सर्वांत खोल घाव घातला तो माणूस आणि माती यांच्या नात्यावर. कोण नागरिक आणि कोण विकाऊ, कोणाचे घर कोणाला द्यायचे, हे एका हुकमाने ठरू लागले. एकदा ठरू लागले ते पिढ्यान्पिढ्या ठरतच राहिले.

गेलॉनने दहा हजारांहून अधिक भाडोत्री सैनिकांची नावे नागरिक म्हणून नोंदवली, असे डायोडोरस लिहितो. त्याच्या घराण्याची सत्ता ४६६ मध्ये कोसळली तेव्हा त्यांपैकी सात हजारांहून अधिक शिल्लक होते. लोकसत्ता आली आणि तिने या नवनागरिकांना अधिकारपदे नाकारली. त्यांनी बंड केले, शहरातला ऑर्टिजिया आणि आक्राडिना हा तटबंद भाग बळकावला. एकाच शहरात दोन छावण्या झाल्या. अखेर तडजोड होऊन बरेचसे सैनिक मेसानाकडे पाठवले गेले आणि हुसकावलेले जुने रहिवासी आपापल्या गावी परतले. कामारिना पुन्हा वसले. तिथल्या अथीना देवीच्या मंदिरापाशी शिशाच्या छोट्या पट्ट्या सापडल्या आहेत. एकेका पट्टीवर एकेका नागरिकाचे नाव, बापाचे नाव आणि त्याच्या गटाची नोंद. विद्यार्थी मित्रहो, दोनदा उखडले गेलेले हे गाव. आपण इथले आहोत हे त्या लोकांना शिशावर कोरून देवीच्या स्वाधीन करावेसे वाटले असेल, तर ते मला पूर्ण समजते.

आता हिमेराबद्दल थोडे. उत्तर किनाऱ्यावरच्या या नगरापाशी इ.स.पू. ४८० मध्ये गेलॉन आणि अक्रागासचा थेरॉन यांनी हॅमिल्करच्या कार्थेजी सैन्याचा पराभव केला. पुढे सांगितले गेले ते असे, की इराण्यांविरुद्धची सालामिसची लढाई झाली त्याच दिवशी पश्चिमेच्या ग्रीकांनीही परक्यांना परतवले. ग्रीकांच्या अभिमानाची ही गोष्ट. गेल्या काही वर्षांत रेल्वेमार्गाच्या कामासाठी हिमेराच्या पश्चिमेच्या दफनभूमीत खोदकाम झाले आणि सामूहिक कबरी उघड्या पडल्या. तरुण पुरुषांचे सांगाडे, शेजारी शेजारी ओळीने ठेवलेले, काहींच्या हाडांत भाल्याचे टोक अजून रुतलेले. त्या हाडांच्या जनुकीय तपासणीतून कळले की ४८० च्या लढाईत हिमेराच्या बाजूने पडलेल्यांत उत्तर युरोप, काळ्या समुद्रापलीकडची गवताळ मैदाने आणि कॉकेशस इथल्या वंशाचे लोक होते. ग्रीक इतिहासकारांनी मित्रनगरांची मदत लिहून ठेवली. कुठल्या कुठून आलेल्या या पोटार्थी सैनिकांबद्दल त्यांनी मौन पाळले. पुढे ४०९ मध्ये हॅमिल्करचा नातू हॅनिबल चालून आला तेव्हाच्या कबरीत मात्र बहुतेक स्थानिकच आहेत. त्या वेळी मदत पुरती पोहोचली नव्हती. शहर पडले, आणि आजोबा जिथे मेला त्या जागी हॅनिबलने तीन हजार कैदी मारले, असे डायोडोरस सांगतो. हिमेरा पुन्हा उभे राहिले नाही.

त्याच मोहिमेत आधी सेलिनस गेले. त्या नगरापासून दहा-बारा किलोमीटरवर कूझाच्या खाणी आहेत. एका प्रचंड मंदिराच्या खांबांसाठी तिथे दगडाचे गोल तुकडे काढायचे काम चालू होते. तीन मीटरांहून जाड असा एकेक तुकडा, भोवती पाथरवटाला उतरून काम करता येईल एवढा चर खणलेला, पण बुडाशी अजून मूळ खडकाला जोडलेला. काही तुकडे सुटे होऊन वाटेवर पडले आहेत. काम जिथे थांबले तिथेच थांबले. त्याचे कारण परंपरेने ४०९ चा हल्ला हेच मानले जाते.

मंदिरांचा विषय निघालाच आहे तर अक्रागासचे, म्हणजे आजच्या अग्रिजेंतोचे नाव घ्यायला हवे. तिथली भव्य मंदिरे पाहून प्रवासी हरखून जातात. हिमेराच्या विजयानंतर त्या नगराच्या वाट्याला इतके युद्धकैदी आले की त्यांच्याकडून मंदिरांसाठी दगड फोडून घेतले गेले आणि शहराखालून सांडपाण्याचे मोठे नळ खोदून घेतले गेले. सिरॅक्यूजच्या दगडखाणींची आठवण याहून काळी. इ.स.पू. ४१३ मध्ये सिरॅक्यूजवरची अथेन्सची मोहीम बुडाली आणि किमान सात हजार कैदी या खाणींत कोंडले गेले. दिवसा ऊन, शरदात रात्रीची थंडी, प्रेते तिथेच. माणशी रोज सुमारे पाव लिटर पाणी आणि त्याच्या दुप्पट धान्य. आज त्याच खाणींत लिंबू-संत्र्यांच्या बागा आहेत. तिथे जाणाऱ्याला हा शिधा माहीत असावा, असे मला फार वाटते.

आणि आता तो तट, ज्यावर इथे दोन निबंध वाचले जाणार आहेत. सिरॅक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस पहिला याने इ.स.पू. ४०१ च्या सुमारास शहरालगतच्या एपिपोली पठाराची उत्तर बाजू भिंतीने बंद केली. अथेन्सने ४१४ मध्ये याच पठारावर भिंत घालून शहर कोंडायचा प्रयत्न केला होता, तो धडा ताजा होता. ग्रामीण भागातून साठ हजार माणसे, सहा हजार बैलजोड्या आणि प्रत्येक टप्प्यावर एक स्थपती. तीस स्टेडिया, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर भिंत वीस दिवसांत उठली. डायोडोरस म्हणतो, हुकूमशहा स्वतः अंगमेहनत करत होता. पुढे वाढत वाढत सगळा तट सत्तावीस किलोमीटरांच्या घरात गेला. स्थापत्य म्हणून त्याला तोड नाही, हे मान्यच. पण याच माणसाने त्याआधी ऑर्टिजिया बेट उरलेल्या शहरापासून बुरुजांच्या भिंतीने तोडले होते आणि तिथली घरे आपल्या मित्रांना आणि भाडोत्री सैनिकांना वाटली होती. आपल्याविरुद्धचे बंड मोडल्यावर, लोक सुगीसाठी शेतावर गेलेले असताना त्याने घराघरांत माणसे पाठवून त्यांची शस्त्रे जप्त केली. कापणी करून माणूस घरी आला तेव्हा खुंटीवर ढाल नव्हती. नागरिक म्हणजे स्वतःच्या शस्त्रानिशी उभा राहणारा, ही ग्रीक नगराची मूळ धारणा त्या सुगीत संपली. त्यानंतरचा तो भव्य तट ज्यांनी बांधला ते त्याचे धनी राहिले नव्हते, आणि हे सांगितल्याशिवाय त्याची लांबी-रुंदी सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डायोनिसियसने नॅक्सॉस उद्ध्वस्त केले, कटानात कांपानियाचे सैनिक बसवले, लिऑन्टिनीकरांना सिरॅक्यूजला हलवले. ३९९ मध्ये इटली, ग्रीस आणि कार्थेजच्या मुलखातूनही कारागीर बोलावून त्याने शस्त्रास्त्रे घडवली. दूरवर मारा करणारे यंत्र तिथेच प्रथम तयार झाले. यंत्रे सुधारली आणि गावे रिकामी होत गेली. इ.स.पू. ३४४ मध्ये सेनापती टिमोलिऑन कॉरिंथहून आला तेव्हा सिरॅक्यूजच्या चौकात इतके दाट गवत माजले होते की घोडे तिथे चरत आणि मोतद्दार गवतात लोळत, असे प्लुटार्क लिहितो. बाकीच्या बहुतेक नगरांत हरणे आणि रानडुकरे फिरत. टिमोलिऑनने लोकांना लोखंडी हत्यारे घेऊन बोलावले आणि ऑर्टिजियाचा किल्ला त्यांच्याच हातांनी पाडला. त्या जागी न्यायालये बांधली. माणसे उरली नव्हती म्हणून ग्रीस आणि इटलीतून साठ हजार वसाहतकरी आणवले. गेला आणि कामारिना पुन्हा नांदती झाली, मेगाराच्या जागीही वस्ती आली.

ही नवी माणसे कोणाच्या घरांत शिरली, जुन्यांपैकी कोणी परतले का, सिकेल लोकांचे या सगळ्यात काय झाले, हे प्रश्न या दोन दिवसांत ऐकायला मी उत्सुक आहे. संशोधक विद्यार्थ्यांना विनंती, की नाण्यांइतकेच लक्ष स्वयंपाकाच्या मडक्यांकडेही द्या. विजेत्यांच्या शिलालेखांत न आलेली बायका-मुले तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. आणि निबंधानंतरच्या प्रश्नोत्तरांत ज्येष्ठांपुढे संकोच करू नका.

या कार्यक्रमासाठी महिनोन्महिने राबलेल्या कार्यकर्त्यांचे, जागा देणाऱ्या महाविद्यालयाचे आणि गावकऱ्यांचे आभार मानतो. पुन्हा एकदा आपणा सर्वांचे स्वागत करून संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.

नमस्कार.