राखीव औषध राखीवच राहू द्या
(भाषणाचा सारांश)



विषय आहे रक्तात शिरणाऱ्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. सोयाबीनच्या काढणीत आमच्या मावशीला ताप भरला. आम्ही दुकानातून गोळ्या आणून दिल्या. उतार पडेना म्हणून तिसऱ्या दिवशी दुसऱ्या आणल्या. पाचव्या दिवशी तिची शुद्ध हरपू लागली, तेव्हा गाडी करून नांदेड गाठले. रक्ताचे कल्चर केले, पण त्यात जंतू वाढलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, "आधीच्या गोळ्यांनी जंतू दबतात, बाटलीत वाढत नाहीत, पण अंगातले मेलेच असे नाही." शत्रू कोण हे न कळताच भारी औषधे द्यावी लागली. मावशी वाचली, पण त्या वर्षीची सगळी हळद दवाखान्यात गेली.

कल्चर म्हणजे रुग्णाचे रक्त खास बाटलीत ठेवून जंतू वाढवणे आणि कोणते औषध त्याला मारते हे पाहणे. याला दोन-तीन दिवस लागतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर तोवर थांबता येत नाही. म्हणून चांगल्या रुग्णालयाची रीत अशी : आधी रक्त घ्यायचे, लगेच औषध सुरू करायचे, आणि अहवाल आला की भारी औषध काढून नेमके औषध द्यायचे. प्रतिजैविकांचा जपून वापर म्हणतात तो हाच. यात कंजुषी नाही, नेमकेपणा आहे.

पेनिसिलीनचा शोध १९२८ साली फ्लेमिंग यांनी लावला. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, हा इशारा त्यांनीच १९४५ साली दिला होता. तो खरा ठरला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात, कार्बापेनेम या भारी औषधांनाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हे जनुक निघाले. अशा वेळी कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधे हाताशी उरतात, आणि कोलिस्टिन मूत्रपिंडाला इजा करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन गट पाडले : नेहमीची, नजरेखाली ठेवायची आणि राखीव. कोलिस्टिन राखीव गटात आहे. राखीव औषध म्हणजे गावाचे बियाणे. ते आज खाल्ले तर उद्या पेरायचे काय?

किती दिवस औषध द्यायचे, याचाही अभ्यास झाला आहे. ७ देशांतील ३,६०८ रुग्णांवरील एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. रक्तातील जंतुसंसर्गाच्या पुष्कळ रुग्णांना १४ दिवसांऐवजी ७ दिवसांचे औषध पुरते, असे तीत दिसले. मात्र काही जंतू आणि काही रुग्ण तीत धरले नव्हते. म्हणून दिवस ठरवणे हे डॉक्टरांचे काम. आपण मनाने औषध वाढवूही नये, तोडूही नये.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. पण वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या खेड्यांत पहिली गोळी कोण देतो, यावर पुढचे बरेच काही ठरते.

तेव्हा एवढे करू या. सर्दी-पडशाला प्रतिजैविक मागायचे नाही. पाकिटावर लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत. रुग्णाला मोठ्या दवाखान्यात नेताना आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि कागद सोबत न्यायचे, आणि नम्रपणे विचारायचे, "डॉक्टरसाहेब, रक्ताचे कल्चर घेतले का?" भेटायला जाताना हात साबणाने धुवायचे.

विद्यार्थी मित्रांनो, आमच्या घरात हे सांगणारे कोणी नव्हते. तुमच्या घरात तुम्ही आहात.