चिल्ला-ए-कलान आणि आजीची कांगडी

काश्मीर खोऱ्यात 21 डिसेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांना ‘चिल्ला-ए-कलान’ म्हणतात. बर्फाने रस्ते अडले की ताजी भाजी दुर्मीळ होते आणि मग घर चालते ते बहुधा आजीने उन्हाळ्यात केलेल्या बेगमीवर, म्हणजे दुधी, वांगी, टोमॅटो चिरून उन्हात वाळवलेल्या ‘होख स्यून’वर. कांगडी, अर्थात वाळुंजाच्या फोकांनी विणलेल्या टोपलीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे, भरण्याचे कसबही तिच्याच हातात मुरलेले असते. तळाशी चिनारच्या वाळक्या पानांचा कोळसा, त्यावर निखारे आणि वर राखेचा पातळ थर देऊन ती धग तासन्‌तास टिकवते व मंदावली की पळीने हलकेच जागी करते. हीच कांगडी नातवंडे ‘फेरन’ या पायघोळ झग्याच्या आत धरतात. या उबेचे कौतुक रास्त असले, तरी तिची किंमतही सांगायला हवी, कारण वर्षानुवर्षे धग लागलेल्या पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेला होणारा कर्करोग वैद्यकशास्त्रात कांगडीच्याच नावाने ओळखला जातो. चाळीस दिवस सरले, तरी वीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’ उरतोच.